साथीच्या दिवसांत गाव कुणाकुणाचं राहतं? (विदर्भातले अनुभव लिहा)

पैनगंगाकाठ (धागाकर्ती)

आमच्या ग्रामपंचायतीचा आपत्ती आराखडा नव्याने करायचं चाललंय. पूर, वीज, आग यांची पानं भरून झाली. नदीकाठचं गाव असल्यामुळे पुराबद्दल तर प्रत्येकाला सांगायचं होतं. 'साथरोग' या मथळ्याखाली मात्र चारच ओळी आहेत: फवारणी, पाण्यात क्लोरीन, प्राथमिक आरोग्य केंद्राचा फोन आणि 'गावाच्या सीमा बंद करणे'. शाळेतर्फे मी समितीत आहे. ही चौथी ओळ तशीच जाऊ द्यायची माझी तयारी नाही.

२४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि दोन-तीन दिवसांत आमच्या तालुक्यातल्या बहुतेक गावांनी रस्त्यावर बाभळीच्या काट्या टाकल्या, कुठे बैलगाड्या आडव्या लावल्या. 'बाहेरच्यांना प्रवेश बंद' अशा पाट्या लागल्या. पण या 'बाहेरच्यां'त कोण होतं? पुण्यात कंपनीत कामाला गेलेली आपली पोरं आणि आपल्याच तांड्यावरून ऊसतोडीला गेलेली कुटुंबं. एप्रिलच्या मध्यात शासनाने ऊसतोड कामगारांना गावी परतायची परवानगी दिली, तेव्हा ही माणसं लेकराबाळांसह दोन जिल्हे ओलांडून आली आणि स्वतःच्या शिवारात येऊन अडकली.

शाळेत विलगीकरण करावं लागलं, ते बरोबरच होतं. चौदा दिवस वेगळं राहायला कुणाचीही हरकत नव्हती. पण त्याच शाळेत एका खोलीतल्या मुलांना घरून दोन वेळचा डबा येत होता, गल्लीतली पोरं खिडकीशी उभी राहून गप्पा मारत होती. शेजारच्या खोलीतली तांड्यावरची तीन कुटुंबं कोरडा शिधा मिळेल का म्हणून ग्रामपंचायतीच्या शिपायाला विचारत होती, कारण त्यांच्यासाठी डबा आणणारे म्हातारे आईबाप तांड्यावर, आणि तांडा दीड कोस लांब. नियम दोघांना एकच होता. गाव मात्र पहिल्या खोलीपाशी होतं, दुसऱ्या खोलीपाशी नव्हतं.

याचं कारण दुष्टपणा होता असं मला वाटत नाही. ग्रामस्तरीय समितीत सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक, आशा, अंगणवाडी सेविका, सगळे गावठाणात राहणारे. तांड्याचे नाईक किंवा कारभारी नाहीत, पारध्यांच्या वस्तीवरचं, बेड्यावरचं, तर कुणीच नाही. बैठकीत जो नाही त्याची भाकर कुणाच्या लक्षात येणार?

मला असं लिहून ठेवायचंय की साथीत ज्या माणसाला आपण वेगळं ठेवतो त्याचं गाव देणं लागतं. पाणी, जेवण, निरोप, परत आल्यावर काम, हे सगळं. ते देणं कोण फेडणार हे आधीच ठरलेलं असावं. तुमच्या गावात काय झालं, काय चाललं, काय फसलं, ते सांगा. फक्त करोनाच असं नाही.

स्पष्ट_बोलतो

तुमची कळकळ समजते, पण सीमा बंद केल्या म्हणूनच आमच्या गावात पहिल्या लाटेत एकही माणूस आजारी पडला नाही. आमच्याकडे सरकारी दवाखाना चोवीस किलोमीटरवर, रुग्णवाहिका तालुक्याला एक. अशा वेळी गावाने स्वतःला वाचवायचं नाही तर काय करायचं? आता बसून 'बहिष्कार' म्हणणं सोपं आहे. त्या रात्री वेशीवर जागलेल्या पोरांनाही कुणी विचारा.

पैनगंगाकाठ

त्यांच्या जागण्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. सीमेवर चौकशी हवी, नोंद हवी, वेगळं राहण्याची सोय हवी, यावर आपलं दुमत नाही. पण तुमच्या गावात त्या काळात रक्तदाब-साखरेच्या गोळ्या कुणी आणल्या? सिकलसेलचं लेकरू असेल तर रक्त चढवायला कसं नेलं? घराघरात पडून असलेला कापूस केंद्रावर कुणी पोचवला? ते बंद दार कुणासाठी उघडत होतं आणि कुणासाठी नाही, एवढंच मला कळून घ्यायचंय.

निंबोळी

मी आशा सेविका हाओ, वणीकडची. लिहाची सवय नाही, पन हे वाचून राहवलं नाही.

पहिल्या लाटेत घरासमोरचा हातपंप माह्यासाठी बंद झाला. तोंडावर कोनी म्हनलं नाही. मी हंडा घेऊन गेली का बाया आपापले हंडे उचलून बाजूले होत. ज्यायले मी रातच्या रातीले गाडी बोलावून बाळंतपणाले नेलं, त्याच बाया. म्हनत, "हे घरोघर फिरते, हेच आनते बिमारी." माह्या पोरीसंगं कोनी खेळे ना. तवा आमाले करोनाच्या कामाचे महिन्याचे हजार रुपये भेटत, म्हंजे दिवसाचे तेहतीस. २०२१ च्या जूनमंधी राज्यातल्या आमी आशा संपावर गेलो तवा लोकं म्हनले, पैशासाठी बसल्या. पैसा तर होताच, पन मान बी होता त्याच्यात.

तं सांगाचं असं का, आमच्या सरपंचबाईनं काय केलं. त्या बोल्ल्या नाही काही. दुसऱ्या दिशी सकाळी माह्यासंगं सर्वेले निंघाल्या. तोंडाले पदर, हाती वही. पुऱ्या गावात फिरल्या, ज्या घरी मले ओसरीवर येऊ देत नोहोते त्या घरीही. सर्वे झाल्यावर हातपंपावर येऊन माह्या हंड्याले हात लावला, पानी भरून देल्लं. त्याच्यानंतर पंपावरून कोनी सरकलं नाही.

दुसरी गोष्ट करोना झालेल्यायच्या यादीची. ज्याचा रिपोर्ट आला त्याले माहीत नाही, आन् नाव-गाव-वयासकट कागदाचा फोटो अख्ख्या गावाच्या मोबाइलवर. एका बाईले तिचा रिपोर्ट शेजारनीनं सांगतला. गल्ली बंद कराले बल्ल्या ठोकल्या. ते बाई बरी झाली, चौदा दिस झाले, महिना झाला, तरी तिच्या म्हशीचं दूध कोनी घे ना. घर त्या दुधावर चाले. शेवटी सरपंचबाई, पोलीस पाटील, मी, आन् अंगनवाडीच्या ताई तिच्या ओसरीवर जाऊन बसलो, तिच्या हातचा चहा पेलो, बाहेर रस्त्यावरून दिसन असा. मंग हळूहळू दूध सुरू झालं.

ताई, तुमच्या कागदात हे लिहा. मानूस बरा झाला का त्याच्या घरी कोन जाईन, त्याचं नाव आधीच ठरवा.

सोयाबीन_वावर

निंबोळी ताई, तुमच्या सरपंचबाईंना नमस्कार सांगा.

पांढरकवड्याचा

आम्ही राष्ट्रीय महामार्ग ४४ वरचे. हैदराबादहून उत्तरेकडे जाणारी माणसं मे २०२० मध्ये आमच्या दारावरून गेली: आदिलाबाद, पांढरकवडा, वडकी, हिंगणघाट, जाम, बुटीबोरी, पुढे नागपूर. कुणी ट्रकवर, कुणी सायकलवर, बरेच पायी. नागपूरच्या अलीकडे पांजरीच्या टोलनाक्यावर लोकांनी त्यांच्यासाठी जेवण-पाणी-चपला उभ्या केल्या, ते तेव्हा बातम्यांत आलं. रस्त्यावरच्या लहान गावांनी केलेलं फारसं कुठे आलं नाही, म्हणून लिहितो.

आमच्या गावातही सुरुवातीला भीती होतीच. वाटसरू विहिरीवर आले की आरडाओरडा व्हायचा. मग एका म्हाताऱ्या कास्तकाराने आपल्या रस्त्यालगतच्या वावरात, निंबाखाली, टाकी ठेवली. वावरातल्या मोटारीवरून पाइप ओढून ती भरायची. गावातली माणसं टाकीजवळ जायची नाहीत, वाटसरू विहिरीजवळ यायचे नाहीत. पुढे तिथेच भाकरी-ठेचा ठेवणं सुरू झालं. पाळी गल्लीवार लागली. कुणी कुणाला उपदेश केला नाही. फक्त अशी जागा झाली जिथे भीती बाळगूनही माणूस देऊ शकत होता. मला वाटतं गावातली निम्मी भांडणं जागा नसल्यामुळे होतात. अशी जागा आधीच नेमून ठेवता येते.

पण एक सांगतो, ज्या गावाने रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला भाकरी दिली, त्याच गावाला डोंगरातलं कोलामांचं पोड, म्हणजे त्यांची वस्ती, आठवायला महिना लागला. पोडावरची माणसं आठवडी बाजारात येऊन हप्त्याचं मीठ-मिरची नेतात. बाजार बंद झाला. वाटसरू डोळ्यांसमोर होते, पोड टेकडीमागे. रोजगार हमीची कामं सुरू करायला ग्रामसेवक तिकडे गेले तेव्हा कळलं की लोक कंदमुळं खाऊन दिवस काढत होते. मला याचं आजही वाईट वाटतं.

कारंजेकर

पैनगंगाकाठ, तुम्ही 'फक्त करोनाच असं नाही' म्हणालात, पण मी करोनाचंच सांगतो, कारण ते आमच्या घरात अजून संपलेलं नाही.

माझे मामू कारंज्याहून खेड्यांवर फेरी करायचे. चादरी, टॉवेल, लेकरांचे कपडे. गावोगावी पोळ्याला उधारी द्यायची, कापूस विकला की वसूल करायची. दोन पिढ्यांचा व्यवहार. मार्च २०२० च्या शेवटी दिल्लीत तबलिगी जमातच्या मरकजमध्ये करोना पसरल्याची बातमी आली आणि मोबाइलवर नको नको ते व्हिडिओ फिरले. टाळेबंदी सैल झाल्यावर मामू निघाले तर एका गावाच्या वेशीवर 'फेरीवाल्यांना बंदी'. त्यांना परत पाठवलं. भाजीची गाडी त्यांच्यासमोर आत गेली. ती दुसऱ्या समाजाच्या माणसाची होती. मामू भांडले नाहीत. घरी येऊन गठ्ठा कोपऱ्यात ठेवला आणि बरेच दिवस उचललाच नाही.

२१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मरकजला आलेल्या परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. साथीच्या वेळी बळीचा बकरा शोधला जातो आणि यांना तसं निवडलं गेल्याचं दिसतं, असं निकालात म्हटलं. पण तो निकाल कुठल्या गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरला? मार्चचे व्हिडिओ ज्यांनी पाठवले त्यांनी ऑगस्टचा कागद पाठवला नाही.

त्याच दिवसांत अकोल्यात कच्छी मेमन जमातचे लोक ज्यांचे नातलग पुढे आले नाहीत अशा हिंदू मृतांवर हिंदू रीतीने अंत्यसंस्कार करत होते. हे मी उपकार म्हणून सांगत नाही. आपल्या मातीतली माणसं होती, मातीला लावली. पण आराखडा लिहिताना हेही लक्षात असू द्या की साथीत आम्हाला फक्त संशयित म्हणून धरू नका. कामाला लावा. आमच्याकडे गाड्या आहेत, पोरं आहेत.

आणि एका गावाचं चांगलं सांगतो. तिथल्या पोलीस पाटलांनी नियम केला: कुठलाही विक्रेता असो, वेशीच्या वडाखाली थांबेल, सकाळी सात ते नऊ, दोन हात अंतर, तोंडाला रुमाल. भाजीवाला तसाच, मामू तसेच. मामू त्या गावात आजही जातात.

स्पष्ट_बोलतो

कारंजेकर, तुमच्या मामांचं वाचून खूप वाईट वाटलं. पाटलांनी केलं ते योग्य. सगळ्यांना सारखा नियम असेल तर माझी तक्रारच नाही.

वर्धेकर

या धाग्यावर महारोगाचा विषय यायलाच हवा, कारण विदर्भाला तो जितका ठाऊक आहे तितका क्वचितच कुणाला असेल.

१९३६ मध्ये विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं. १९४६ मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीत तपोवन उभं केलं. त्यानंतर वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन. सेवाग्रामला गांधीजींनी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींना आश्रमात आपल्या कुटीजवळच जागा दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांची मालिश केली. अभिमान वाटावा अशीच ही नावं आहेत. पण लहानपणी वडिलांबरोबर दत्तपूरला जायचो तेव्हा मला एकच प्रश्न पडायचा: ही एवढी माणसं आली कुठून? ती आपल्याच गावांतून आली. कुणाच्या घरातून, कुणाच्या ताटावरून उठवून गावाने त्यांना बाहेर काढलं, म्हणून या संस्था लागल्या.

१९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत रुग्णापासून संसर्गाचा धोका जवळपास उरत नाही, आणि मुळात बहुतेक माणसांच्या शरीरात या जंतूला तोंड देण्याची ताकद असतेच. तरीही बरी झालेली किती माणसं आपल्या गावी परतली? बहुतेकांचं आयुष्य तिथेच गेलं. वावर भावांनी वाटून घेतलं होतं, घरात मुलाबाळांची लग्नं व्हायची होती. १८९८ चा कुष्ठरोग्यांना कोंडण्याचा कायदा रद्द व्हायला २०१६ उजाडलं, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण कायद्यातून जायला २०१९. औषधानंतर तीस-पस्तीस वर्षांनी.

म्हणून निंबोळी ताईंचा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. माणसाला बाजूला ठेवताना तो परत कधी आणि कसा येणार हे त्याच वेळी ठरलं नाही, तर त्याची जागा दुसरं कुणी भरून टाकतं.

तालुका_डॉक्टर

मी ग्रामीण रुग्णालयात होतो. एक गोष्ट डॉक्टर म्हणून सांगायला हवी. वाळीत टाकण्याने साथ थांबत नाही, ती वाढते. हे मी वॉर्डात पाहिलंय.

फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यात इतरत्र बऱ्यापैकी शांत असताना अमरावती, अकोला, यवतमाळ या भागांत रुग्ण झपाट्याने वाढले. २२ फेब्रुवारीपासून अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली. त्या लाटेत खेड्यातून येणारे रुग्ण उशिरा यायचे. ताप आला की गावात 'टायफॉइड' म्हणून सलाइन लावून घ्यायचे. कारण करोना म्हटलं की नाव यादीत, गल्लीत बल्ल्या, लग्न मोडलं, मजुरी बंद. ऑक्सिजन सत्तरवर आला की मग रात्री अंधारात गाडीत घालून आणायचे. तोवर घरातले पाच-सहा जण बाधित झालेले असायचे. लपवण्याची किंमत त्या घरानेही दिली आणि गावानेही.

कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी. घरावर करोनाचे फलक लावायचे नाहीत, सक्षम अधिकाऱ्याचा विशेष आदेश असेल तरच, असं सर्वोच्च न्यायालयाने ९ डिसेंबर २०२० ला स्पष्ट केलं. आणि एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने १८९७ च्या साथरोग कायद्यात दुरुस्ती होऊन आरोग्य कर्मचाऱ्यांवरचा हल्ला अजामीनपात्र गुन्हा झाला, गंभीर इजा केली तर सात वर्षांपर्यंत कैद. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदाही आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा, पण तो मुख्यतः जातपंचायतींच्या बहिष्कारासाठी रचलेला आहे. शेजाऱ्याने दूध घेणं थांबवलं तर तिथे कायदा पोचत नाही.

अंत्यविधीचंही लिहा. केंद्राच्या १५ मार्च २०२० च्याच सूचनांमध्ये होतं की राखेपासून धोका नाही, अस्थी गोळा करता येतात, अंतर ठेवून चेहरा पाहता येतो. तरी गावांनी स्मशानभूमी नाकारल्या. हे पत्रक आराखड्याला जोडा, म्हणजे ऐन वेळी वाद नको.

आणि क्षयरोग विसरू नका. तो आजही दर गावात आहे. योग्य औषध सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत संसर्गाचा धोका बराच उतरतो. पोषणासाठी महिना ५०० रुपये मिळायचे, ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. पण माझ्या ओपीडीतल्या सुना ते पैसे खात्यात नको म्हणतात, सासरी पासबुक दिसेल म्हणून.

खामगावी

डॉक्टर, आमच्या शेजारच्या शेगाव तालुक्यातलं तर अगदी अलीकडचं आहे. डिसेंबर २०२४ च्या शेवटी बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस अचानक गळायला लागले. तीन-चार दिवसांत डोकं उघडं. बायका, शाळकरी मुली, म्हातारे, कुणीही. टीव्हीवाल्यांनी लगेच 'टक्कल व्हायरस' नाव ठेवलं. व्हायरस म्हटलं की झालं! नात्यातले लोक म्हणाले, आत्ता येऊ नका. ठरत आलेल्या सोयरिकी थांबल्या. मुलींनी कॉलेज सोडलं.

जानेवारीत भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची पथकं आली. पाणी, माती, केस, रक्त तपासलं. पुढे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हात सेलेनियम फार जास्त आढळल्याचं मांडलं. म्हणजे एकापासून दुसऱ्याला होणारं काहीच नव्हतं. ताटातून आलं असेल तर गावातल्या कुणाचाही त्यात काय दोष? पण सोयरीक करणाऱ्यांनी अहवालाची वाट थोडीच पाहिली.

माझी सूचना: कारण कळेपर्यंत आजाराला गावाचं नाव द्यायचं नाही, आणि ग्रामपंचायतीने एकच माणूस नेमायचा जो बातमीदारांशी बोलेल. आमच्याकडे कॅमेरा आला की ज्याला जे वाटेल ते बोलत होता, आणि लेकींचे उघडे डोके टीव्हीवर गेले.

मेळघाटी

धारणीकडून लिहितोय. इथे लसीच्या वेळी शहरातले लोक म्हणत होते, आदिवासी अडाणी आहेत, लस घेत नाहीत. १ एप्रिल २०२१ पासून पंचेचाळीशीच्या वरच्या सगळ्यांना लस खुली झाली तेव्हा गाडी यायची आणि लोक जंगलात निघून जायचे, हे खरं. पण गाडीतून उतरणारा माणूस कोरकू बोलत नव्हता, आणि त्याच गाडीने कुणाला दवाखान्यात नेलं की तो परत आल्याचं गावाने पाहिलेलं नव्हतं. भीतीला कारण होतं.

मग कोरकूतून बोलणारे शिक्षक, अंगणवाडीच्या बाया पुढे झाल्या. मोबाइलवर कोरकूत संदेश आले. काही गावांत भूमकालाच, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूलाच, सोबत घेतलं. त्याने आधी स्वतः टोचून घेतलं आणि मग लोक आले. आमच्या गावात भूमकाने एक अट घातली होती: लस दिल्यावर सिस्टरने रात्री गावातच थांबायचं, ताप आला तर बघायला. त्या थांबल्या. दुसऱ्या दिवशी रांग लागली.

त्यामुळे 'जनजागृती' असा एक शब्द लिहून मोकळं होऊ नका. कुणाच्या भाषेत, कुणाच्या तोंडून, आणि नंतर गावात कोण थांबणार, ते लिहा.

तान्हापोळा

आमच्याकडे पोळ्याच्या पाडव्याला मारबतीचा पुतळा काढताना ओरडतात, "रोगराई घेऊन जा गे मारबत!" लहानपणापासून ओरडत आलोय. त्यात माणसाचं नाव कधी नसतं. बाकी वर सगळ्यांनी लिहिलंच आहे.

स्पष्ट_बोलतो

पुन्हा येतो, कारण एक व्यवहाराची गोष्ट राहिली. जून २०२१ मध्ये शासनाने करोनामुक्त गाव स्पर्धा जाहीर केली. प्रत्येक महसूल विभागात पहिल्या तीन गावांना ५०, २५ आणि १५ लाख. चांगल्या हेतूने केली असेल, गावांना हुरूपही आला. पण आमच्या गावात त्याचा एक परिणाम मी डोळ्यांनी पाहिला. खोकला झालेल्या माणसाला शेजारी म्हणू लागले, "तपासायला जाऊ नको, गावाचा नंबर जाईल." बक्षीस रुग्ण नसण्याला लागलं की रुग्ण नकोसा होतो. बक्षीस रुग्ण लवकर शोधल्याबद्दल असायला हवं होतं. तुमच्या आराखड्यात 'आपलं गाव रोगमुक्त ठेवू' असली प्रतिज्ञा घालू नका, एवढी विनंती.

दुसरं, शाळेतल्या डब्याचा खर्च कोण करणार? हे लिहिलं नाही तर तांड्याची खोली पुन्हा उपाशीच राहील.

निंबोळी

भाऊ, गाव आरोग्य समितीले वर्साले दहा हजारापर्यंत अबंधित निधी येते, म्हंजे कशावर खर्चाचा ते गावानंच ठरवाचं. लय नाही, पन पयल्या आठवड्याचं धान्य त्याच्यात बसते. ते समिती गावातलीच हाये, तं विचारासाठी तालुक्याले जा लागत नाही.

पैनगंगाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून चौथ्या ओळीच्या जागी हे लिहिलंय, वाचून दुरुस्त करा:

'सीमेवर येणाऱ्या प्रत्येकाची नोंद होईल. नियम प्रवासाच्या आणि संपर्काच्या इतिहासावर लागेल, जात-धर्म-वस्ती पाहून लागणार नाही. सर्व विक्रेते एकाच ठिकाणी, एकाच वेळेत थांबतील. विलगीकरणातल्या प्रत्येक खोलीच्या दोन वेळच्या जेवणाची जबाबदारी गल्लीवार पाळीने राहील. पहिल्या आठवड्याचा शिधा आरोग्य समितीच्या अबंधित निधीतून, पुढचा ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून. समितीत तांड्याचे नाईक किंवा कारभारी आणि बेड्यावरची एक व्यक्ती असेल, आणि त्यांच्याशिवाय बैठक पूर्ण धरली जाणार नाही. रुग्णाचं नाव आशा आणि वैद्यकीय अधिकारी यांच्याकडेच राहील. यादीचा फोटो काढू दिला जाणार नाही. विलगीकरण संपण्याच्या दिवशी सरपंच व पोलीस पाटील त्या घरी जातील. रस्त्यालगत वाटसरूंसाठी पाण्याची जागा नेमलेली असेल. अंत्यविधीसाठीच्या सूचना सोबत जोडल्या आहेत.'

ग्रामसेवकांनी वाचलं. नाईक-कारभाऱ्यांशिवाय बैठक पूर्ण नाही, या वाक्यावर दोन सदस्यांची हरकत आहे. म्हणतात, ते आलेच नाहीत तर काम अडेल. मी ते वाक्य सोडणार नाही.

पांढरकवड्याचा

सोडू नका. पण एक भर घाला, नाहीतर ती हरकत खरी ठरेल. बैठकीचा निरोप व्हॉट्सअॅपवर टाकून मोकळं होतात. पोडावर, बेड्यावर नेटवर्क नसतं. निरोप घेऊन कोण जाईल, कोतवाल की आणखी कोणी, ते हुद्द्यासकट लिहा. आणि दर तीन बैठकांमागे एक बैठक तांड्यावर घ्या.

कारंजेकर

मोहल्ल्यातलं एक नावही घ्या समितीत. गाडीवाल्यांची यादी मी करून देतो, रात्री-बेरात्री निघणारे आहेत.

पैनगंगाकाठ

दोन्ही घेतलं. तांड्यावरच्या बैठकीचं नाईकांना आज विचारलं, ते म्हणाले सोयाबीन निघाल्यावर घ्या, आत्ता सगळे वावरात असतात. म्हणजे दिवाळीच्या आधीची तारीख धरतेय. कारंजेकर, यादी पाठवा. निंबोळी ताई, तुमच्या सरपंचबाईंना आमच्या ग्रामसभेत बोलवायचंय. त्या येतील का विचाराल?

निंबोळी

इचारतो. गाडीचं भाडं तुमच्या पंचायतीनं द्या, तेवढं सांगून ठेवा.